पांढरी दोनच्या किंचित वर

आमच्या ऐकण्याच्या मंडळाला वर्गणी नाही. त्याऐवजी मत द्यावं लागतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सांगलीत एकांच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ जण जमतो. महिनाभरात काय ऐकलं आणि कसं वाटलं, हे एकेकानं सांगायचं. अट एकच. सुटं गाणं चालत नाही. अख्खी रेकॉर्ड हवी, पहिल्या सुरापासून शेवटच्या खरखरीपर्यंत. ज्यांचा हॉल तेच अध्यक्ष. त्यांच्याकडे भिंतभर एलपी आहेत. त्या ते घरी न्यायला देतात, पण देण्याआधी रेकॉर्ड नुसत्या कडेनं कशी धरायची याचं प्रात्यक्षिक करून दाखवतात आणि आपल्या बोटांकडे अशा नजरेनं बघतात, की आपण घरी पोचल्यावर आधी हात धुतो.

मी या मंडळात शिरलो तो बटाटेवड्यांसाठी. पाहुणा म्हणून गेलो, पोटभर वडे हाणले आणि निघताना अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या बैठकीला तुम्हीही बोला." वडे पोटात गेलेले असल्यामुळे नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

तोवरचं माझं श्रवण म्हणजे दाढी करताना लागलेली विविध भारती. संगीताबद्दलची माझी सगळी मतं 'आवाज वाढव' आणि 'आवाज कमी कर' एवढ्यात बसत होती. म्हणून पहिल्यांदा वही आणली. गाणी काय, नंतर येतील. वहीच्या शेवटच्या पानावर समीक्षेला लागणारे शब्द उतरवून ठेवले: ठहराव, आशयघन, अवकाश, संयत, मातीचा वास. यातला 'मातीचा वास' तर संतूर, हलगी आणि सॅक्सोफोन या तिन्हींना लागू पडतो, हे त्या महिन्यात मी स्वतः लिहून सिद्ध केलं.

सुरुवात 'कॉल ऑफ द व्हॅली'नं केली. १९६७ ची एचएमव्हीची रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. करवून घेणारे जी. एन. जोशी, म्हणजे आपल्या भावगीताचे आद्य गायकच. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात आहे. पहाटे अहिरभैरवात उजाडतं, मग पिलू, भूप, देस करत रात्री पहाडीत तो मुक्कामाला पोचतो. भाच्यानं वापरून कंटाळलेला एक सूटकेसवजा प्लेअर आमच्याकडे होता. त्यावर लावली, आणि वहीत लिहिलं: 'तरुण रक्ताचा सळसळता आविष्कार. संतूर इतकं चपळ वाजू शकतं हे प्रथमच जाणवलं. मातीचा वास.'

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, याच्या मेंढ्यांमागे लांडगा लागलाय का?"

मी तिला काश्मिरातल्या थंडीबद्दल आणि त्यामुळे माणसांच्या हालचालींना येणाऱ्या वेगाबद्दल सांगितलं. मग मुलगी कॉलेजातून आली, प्लेअरकडे बघितलं आणि काही न बोलता एक खटका ४५ वरून ३३ वर सरकवला. एलपी मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची असते. माझ्याकडे ती पंचेचाळीस फेऱ्यांनी धावत होती. हिशेब असा, की षड्ज थेट मध्यमाच्याही थोडा वर जाऊन बसला होता आणि जेमतेम चाळीस मिनिटांचा दिवस अर्ध्या तासात आटपून मेंढपाळ जेवायच्या आत घरी येत होता. योग्य वेगात ऐकल्यावर ती फारच सुंदर निघाली. विशेषतः बासरी मागे सरून गिटारला वाट देते तिथे. पण 'सळसळता आविष्कार' मी खोडला नाही. खाली 'आणि तितकाच संयत' एवढं जोडलं.

दुसरी निवड धोका नसलेली केली. गीतरामायण. ते लिहिणारे गदिमा आमच्याच जिल्ह्यातले, माडगूळचे; सांगलीत गीतरामायणाबद्दल वाकडं बोलणारा माणूस अजून जन्माला यायचाय. म्हणजे मत तयारच होतं, ऐकायचं तेवढं बाकी होतं. अडचण एवढीच, की गाणी छप्पन्न. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं गेलं आणि शेवटचं गेलं १९ एप्रिल १९५६ ला. मधे अधिक महिना आला म्हणून बावन्नची छप्पन्न झाली. लोकांनी ते वर्षभर आठवड्याला एक असं ऐकलं, कुणी रेडिओला हार घालून, कुणी उदबत्ती लावून. मला शनिवार-रविवारात उरकायचं होतं. फोनवर दीडपट वेगानं ऐकायची सोय असते, हे मुलगी अभ्यासाचे व्हिडिओ बघायची त्यावरून मला ठाऊक झालं होतं. सूर तोच राहतो, फक्त माणसं घाईत बोलतात. बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, स्वच्छ उच्चारांमुळे दीडपटीतही शब्द न् शब्द कळतो, हे मत माझ्याआधी कुणी नोंदवलं असेल असं वाटत नाही.

आई देवघरात होती. तिचं बालपण पुण्यातल्या वाड्यात गेलं. तिनं ते सगळं मूळ प्रक्षेपणात ऐकलेलं, माणिक वर्मा, वसंतराव, लता, असे वेगवेगळे आवाज होते तेव्हा. ती जपमाळ घेऊन बाहेर आली.

"अरे, रामाला एवढी घाई कसली? वनवासालाच जायचंय ना?"

मी वेग पूर्ववत केला. पण ती समोरच बसून राहिल्यामुळे सोमवारी रजा टाकावी लागली. शेवटाकडे, वाल्मीकी लव-कुशांना रामायण गायला सांगतात तिथे, आम्ही दोघंही गप्प बसून होतो. त्या भागाबद्दल वहीत काही लिहिलेलं नाही.

यानंतर लांबीकडे बघून निवड करायचं धोरण ठरवलं. 'सैराट'मध्ये गाणी चारच. अल्बम म्हणून असा आटोपशीर अल्बम नाही. वरातीत डीजेच्या भिंतीपुढे ती इतक्यांदा ऐकली होती, की पुन्हा ऐकायची गरज नाही असं माझं मत होतं. मुलीनं माझ्या कानांवर चांगले हेडफोन घातले तेव्हा लक्षात आलं, की या गाण्यांत व्हायोलिनांचा एक अख्खा ताफा आहे. अजय-अतुल त्यासाठी हॉलिवूडला सोनीच्या स्टुडिओत गेले होते आणि तिथल्या सिम्फनी वाद्यवृंदाला त्यांनी वाजवायला बसवलं होतं. डीजेनं इतकी वर्षं आम्हांला फक्त ढोल दिला; वाद्यवृंद स्वतःकडे ठेवून घेतला. त्या आनंदात मी हेडफोन लावून हॉलमध्ये थोडा नाचलोही. खिडकीतून समोरच्या काकूंना गाणं ऐकू येत नव्हतं, मी मात्र दिसत होतो. संध्याकाळी त्या बायकोकडे माझ्या तब्येतीची चौकशी करून गेल्या.

'जैत रे जैत' ऐकताना वेगाचा विचार मनात आला नाही. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांच्या चाली. ठाकरांच्या ढोलानं एकदा पकडलं की सोडत नाही. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर १९७७ मध्ये जब्बार पटेलांनी केलेला हा चित्रपट मी पूर्वी बघितला होता. तेव्हा मला वाटलं होतं की यात गाणी फार आहेत. आता वाटतं, मधे मधे बोलतात कशाला?

गौहर जान मात्र माझी आवडती गायिका झाली, आणि त्यामागचं कारण सांगण्यासारखं नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायस्बर्ग नावाच्या साहेबानं तिचा आवाज मेणाच्या तबकडीवर घेतला. त्या काळच्या रेकॉर्डवर जेमतेम तीन मिनिटं मावत. तेवढ्यात ही बाई राग उभा करते, ताना घेते आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव खणखणीत सांगून मोकळी होते. बड्या ख्यालाच्या बैठकीत मी आजवर जितक्या डुलक्या काढल्या त्या सगळ्या वाचल्या असत्या. अध्यक्ष म्हणाले, त्या काळच्या रेकॉर्डी सगळ्याच काही बरोबर ७८ च्या वेगानं घेतलेल्या नसत. कुठली किती वेगानं वाजवायची हे कानानंच ठरवावं लागतं. मी मान डोलावली. हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं, तर पुढचं लिहावं लागलं नसतं.

वडेवाल्या मंडळींत प्रतिष्ठा मिळवायची तर एखादी परदेशी रेकॉर्ड हवी. अध्यक्षांनी भिंतीतून एक काढून दिली: माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू'. १९५९. त्यांच्या थोरल्या भावानं साठच्या दशकात अमेरिकेहून आणलेली जुनी प्रत. जॅझमधली जगात सर्वांत जास्त ऐकली गेलेली म्हणावी अशी ही रेकॉर्ड, तेव्हा इथेही मत तयारच होतं. फक्त खटका ३३ वर आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघितलं.

पहिल्या बाजूला तीन रचना आहेत. पहिलीत सुरुवातीला पियानो आणि बास आपसात काहीतरी कुजबुजतात. मग बास एक ओळ बोलतो आणि बाकीचे दोनच सुरांत उत्तर देतात. तो पुन्हा बोलतो, हे पुन्हा तेच उत्तर देतात. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "हा सांगतोय आणि बाकीचे नुसतं 'हो' म्हणतायत. छान आहे रे." आई गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवते. तिनं भाजी बाजूला ठेवली आणि पेटी ओढली.

"काफी आहे हा," ती म्हणाली. गंधार कोमल, निषाद कोमल, धैवत शुद्ध. थोड्या वेळानं म्हणाली, "आणि आता सगळे अर्धा सूर वर सरकले. ... आले परत." पुस्तकं सांगतात ते हेच. सोळा मात्रागट एका सप्तकात, आठ अर्ध्या सुरानं वर, आठ पुन्हा मूळ जागी. माइल्सनं वादकांना गुंतागुंतीच्या स्वरसंगतींऐवजी नुसती सप्तकं दिली आणि त्यात फिरा म्हणून सांगितलं. कोल्ट्रेन आणि अॅडर्ली सॅक्सोफोनवर, बिल इव्हान्स पियानोवर. यावर जगात ग्रंथ आहेत. आईला ते पालेभाजी निवडता निवडता दिसलं.

मग ती म्हणाली, "पण पेटीला लागत नाही. पांढरी दोनच्या किंचित वर आहे. काळी दोनपर्यंत पोचतही नाही. मधेच लटकतंय."

आता मी तयारीचा माणूस झालो होतो. रेकॉर्डच्या कडेवर कागदाचा छोटा झेंडा ठेवला आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. तीन मिनिटांत बरोबर शंभर. म्हणजे प्लेअर निर्दोष. रेकॉर्ड जगद्विख्यात. उरली कोण? आईची पेटी, वडिलांनी लग्नानंतर घेऊन दिलेली. मी तिला समजावलं, की इतक्या वर्षांत सूर उतरणारच. ती म्हणाली, "काही उतरलेले नाहीत." हे वाक्य वहीत उतरवून घ्यायला हवं होतं. मी लिहिलं, 'मूल्यमापनात घरच्या वाद्यांच्या मर्यादा आड येतात.'

आई बहिणीकडे कऱ्हाडला गेली तेव्हा मी पेटी उचलली आणि मिरज गाठली. रेकॉर्डसमोर फोन धरून घेतलेलं ध्वनिमुद्रण सोबत होतं. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे छताला टांगलेले असतात, त्यांतून तंबोरे आणि सतारी घडतात. हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्यांच्या पूर्वजांनी दीडशे वर्षांपूर्वी वाद्यं हातात घेतली आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, इथेच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. सुराच्या बाबतीत या गावाला शिकवायला जाणं म्हणजे धाडसच. पण माझ्या खिशात अमेरिका होती.

पेटीचं काम करणाऱ्या चाचांनी भाता हलवला, सगळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली. "साहेब, पेटी जुळलेली आहे."

मी फोन लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "वाजवणारा तयारीचा आहे. पण हे चढं आहे."

"चढं नाही, ते बरोबर आहे," मी म्हणालो. "पेटी त्याच्यापर्यंत न्या."

चाचांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. बेचाळीस पट्ट्या, दुहेरी सूर, म्हणजे चौऱ्याऐंशी पितळी जिभल्या, पालिताण्याच्या. सूर चढवायचा तर जिभलीचं टोक घासायचं. उतरवायचा तर मुळाशी घासायचं. दोन्हीकडून पितळ जातं, येत काहीच नाही. एवढं समजावून ते म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणेल तसं. पण विचार करा." मी विचार केला नाही, ॲडव्हान्स दिला.

पेटी घरी आली, आई घरी आली. तिला काही सांगितलं नाही. सगळी पेटी सारखीच चढल्यामुळे तिच्या बोटांना काही कळलंही नाही. मात्र सकाळी भजन म्हणता म्हणता ती थांबली. "आज गळा वर ओढतोय," म्हणाली आणि ज्येष्ठमधाची कांडी चघळत बसली. त्याच संध्याकाळी मी 'काइंड ऑफ ब्लू' लावून तिच्यापुढे पेटी सरकवली. पांढरी दोन चपखल बसली. आई चकित. मी मिरजेची हकिगत मोठ्या मानभावीपणे सांगितली. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "दुसरी बाजू लावलीत का?"

दुसरी बाजू मी तोवर ऐकलीच नव्हती. पहिल्या बाजूवर मत झालं होतं. उलटली. आईनं पांढरी पाच धरली, खमाजाचे सूर चाचपले, आणि तोंड वाकडं केलं. "आता हे उतरलंय."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मंडळात सांगण्यासारखं कुणीही न सांगितलेलं मत मिळालं होतं. शेवटच्या रविवारी वड्यांच्या आधीच मी उभा राहिलो आणि जाहीर केलं, की 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू निर्दोष आहे, पण दुसऱ्या बाजूला हे सगळे थोर वादक सामूहिकपणे उतरलेत, आणि आजवर कुणाच्याही हे ध्यानात आलेलं नाही. मिरजेचा दाखलाही दिला. ठहराव, अवकाश, मातीचा वास, सगळं वापरलं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ते अशा वेळी फार हळू बोलतात. २ मार्च १९५९ च्या सत्रात, ज्यात पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना वाजवल्या गेल्या, ध्वनिमुद्रणाचं यंत्र किंचित हळू चाललं होतं. हळू फिरणाऱ्या फितीवर घेतलेलं योग्य वेगानं वाजवलं की ते जलद होतं आणि चढतं. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तेव्हा यंत्र ठीक होतं. सुदैवानं मार्चच्या सत्रात शेजारी दुसरं यंत्रही चालू होतं. त्याच्या फितीवरून १९९२ मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. मधली तेहेतीस वर्षं, म्हणजे जवळपास एलपीच्या फेऱ्यांइतकी, जगानं चढी बाजूच ऐकली. "तुमच्या आईंचा कान उत्तम आहे," ते म्हणाले, "त्यांना मंडळात आणा." आणि मग, "पेटीचं काय केलंत म्हणालात?"

वडे त्या दिवशी गार होते, की मलाच तसे लागले, कुणास ठाऊक.

मी लगेच मिरजेला निघणार होतो, पण मधे एकादशी आली. त्या रात्री आमच्या गल्लीचं भजनी मंडळ आणि पलीकडच्या पेठेतलं मंडळ मिळून विठ्ठल मंदिरात बसतात. दोन मंडळं, दोन पेट्या. पहिलाच अभंग सुरू झाला आणि दोन्ही पेट्यांमधून, लग्नात दोन मावश्या एकच गोष्ट एकाच वेळी सांगायला लागल्या म्हणजे होतो तसा, एक थरथरणारा कलकलाट उठला. टाळकरी थांबले. पखवाजवाले बुवा एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला लागले. पलीकडच्या पेठेतल्या पेटीवाल्या मावशी म्हणाल्या, "तुमची पेटी बिघडली वाटतं."

आई ताठ बसली. "बिघडलेली नाही. अमेरिकेच्या पट्टीत आहे."

मग तिनं भाता लावून पेटी मिटली आणि उरलेली रात्र टाळ वाजवले. घरी येताना माझ्याशी बोलली नाही. मीही ओळखून होतो, मिरजेची पहिली बस कितीला असते ते विचारून ठेवलं होतं.

चाचांनी पेटी उघडली, जिभल्यांवरून बोट फिरवलं आणि सगळी कथा शांतपणे ऐकून घेतली. अमेरिकेतलं यंत्र हळू चाललं, या भागाला ते हसले. मी विचारलं, होईल ना पूर्ववत?

"होईल. या वेळी मुळाशी घासतो," ते म्हणाले. "पण साहेब, पितळ आता पातळ झालंय. आणखी एक खेप तेवढी निभेल." कानस हातात घेऊन त्यांनी एक जिभली उजेडात धरली. "पुढच्या महिन्यात काय ऐकणार आहात, ते आधी मला येऊन सांगा."